बदलत्या शरीराचे कपडे: बरेच वजन उतरल्यावर काय आत घ्यावे, काय शिवावे आणि कशासाठी थांबावे

आहार-व्यायामाने, औषधांनी किंवा बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेने ज्यांचे वजन पंचवीस, तीस किंवा चाळीस किलोंनी उतरले आहे, त्यांच्या कपाटात काही महिन्यांतच अंगाला नीट बसणारा एकही कपडा उरत नाही. नवे घ्यावेत तर दोन महिन्यांत तेही सैल होतील, या विचाराने बहुतेक जण वजन स्थिर होण्याची वाट पाहत वर्ष-दीड वर्ष ढगळ कपड्यांत काढतात. पट्ट्याने आवळलेल्या पँटला कमरेभोवती चुण्या पडतात, ब्लाउजचा खांदा सारखा दंडावर उतरतो आणि एवढ्या कष्टाने झालेला बदल आरशात दिसतच नाही. शिवणकाम करताना अशा अनेकांचे कपडे हाताखालून गेल्यामुळे माझे मत पक्के झाले आहे की आजच्या शरीराला आज नीट बसणारे थोडे कपडे प्रत्येकाकडे असलेच पाहिजेत. त्यांवर किती खर्च करायचा, हे मात्र वजन कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहून ठरवावे. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: आपला टप्पा ओळखावा

बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर पहिल्या सहा महिन्यांत वजन सर्वांत वेगाने उतरते, पुढे वेग मंदावतो आणि साधारण १२ ते १८ महिन्यांच्या सुमारास ते स्थिरावू लागते. आहार-व्यायामाने उतरणाऱ्या वजनाचा वेग बहुधा आठवड्याला अर्धा ते एक किलो एवढा असतो, त्यामुळे कपड्यांचे माप तुलनेने सावकाश बदलते. वजन झपाट्याने उतरत असताना फक्त स्वस्त, सहज आत घेता येणारे किंवा मुळातच न शिवलेले कपडे वापरावेत. सलग तीन महिने मापे जवळपास तीच राहिली, तर रोजच्या वापराचे चांगले कपडे शिवायला हरकत नाही. लोंबणारी त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया करण्याचा विचार असेल, तर प्लास्टिक सर्जन सहसा त्याआधी किमान सहा महिने वजन स्थिर असावे अशी अपेक्षा ठेवतात. अशा वेळी महागडा सूट, पैठणीवरचे ब्लाउज किंवा शिवलेली नऊवारी त्या शस्त्रक्रियेनंतरच्या सूज उतरलेल्या शरीरावर मापे घेऊनच शिवावी.

केवळ वजनकाट्यावर टप्पा ठरवू नये. व्यायाम करणाऱ्या माणसाचे वजन महिनाभर तेवढेच राहूनही कंबर इंचभर उतरलेली असू शकते, आणि कपड्याचा संबंध किलोंशी नसून इंचांशी आहे.

दुसरी पायरी: मापांची वही ठेवावी

दर महिन्याला एकाच दिवशी, सकाळी, पातळ कपड्यांवर मापे घ्यावीत: मान, खांद्याच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंतची रुंदी, छाती, छातीखालचा घेर, कंबर, ओटीपोट, सीट, दंड आणि मांडी. टेप जमिनीला समांतर असावी आणि तिच्याखाली एक बोट सरकेल इतकीच ती सैल धरावी.

ज्यांची त्वचा सैल झाली आहे त्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी, कारण पुष्कळ शिंपी ती विचारतच नाहीत. ओटीपोटाचे आणि मांडीचे माप उभ्याने आणि बसून असे दोनदा घ्यावे. उभे असताना खाली उतरलेली त्वचा बसल्यावर पुढे आणि बाजूला पसरते आणि त्या दोन मापांत कधी कधी दोन-तीन इंचांचा फरक पडतो. फक्त उभ्याने घेतलेल्या मापावर शिवलेली पँट आरशासमोर सुरेख दिसते, पण लोकलमध्ये किंवा कार्यालयात बसल्यावर पोटात रुतते. त्वचा ओढून किंवा पोट आत घेऊन माप देण्याचा मोहही टाळावा.

तयार कपड्यांवरच्या आकड्यांवर मात्र विसंबू नये. एका कंपनीचा ‘एल’ दुसरीच्या ‘एम’एवढा असतो, कारण आपल्याकडे दीर्घकाळ परदेशी मापांच्याच तक्त्यांवरून कपडे बेतले गेले. भारतीय शरीरांचा स्वतंत्र तक्ता असावा म्हणून केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळाने निफ्ट या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने मुंबईसह सहा शहरांत सुमारे २५ हजार लोकांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याचा ‘इंडियासाइझ’ प्रकल्प हाती घेतला, तो याच कारणाने. दुकानात जाताना वहीतली मापे बरोबर न्यावीत, आणि ऑनलाइन खरेदी करताना ते तयार कपड्याचे माप आहे की अंगाचे, हे तक्त्यात नीट पाहून घ्यावे. सुती कुर्त्याच्या छातीत अंगाच्या मापापेक्षा दोन ते तीन इंच जास्त सैलपणा पुरतो. वजन उतरलेली माणसे सवयीने सहा-सात इंच सैल कपडा उचलतात.

तिसरी पायरी: सुरुवात आतल्या कपड्यांपासून करावी

बाहेरचा कपडा कितीही चांगला बेतला, तरी आतला कपडा जुन्या मापाचा असेल तर तो नीट बसत नाही. म्हणून हाताशी पैसे थोडेच असतील तर ते आधी इथे खर्च करावेत.

ब्रेसियरचे दोन भाग वेगवेगळ्या वेगाने लहान होतात. पट्टा बरगड्यांच्या घेरावर अवलंबून असतो आणि कप स्तनांच्या आकारावर. त्यामुळे नुसते ‘एक नंबर कमी’ घेऊन भागत नाही. छातीखालचा घेर ३४ इंच आणि सर्वांत पुढच्या भागावरचा घेर ३७ इंच असेल, तर फरक तीन इंचांचा, म्हणजे ढोबळमानाने ३४ सी. हा हिशेब सुरुवातीचा अंदाज म्हणून धरावा आणि घालून पाहूनच पक्के करावे. नवी ब्रेसियर सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे, म्हणजे पुढे घेर उतरेल तसतसे आतले हुक वापरता येतात. शेवटच्या हुकावरही पाठीमागचा पट्टा वर चढू लागला, की ती बदलण्याची वेळ झाली. वजन उतरल्यावर स्तनांचा वरचा भाग रिकामा होतो, त्यामुळे पूर्ण झाकणारे पातळ कप सुरकुततात; अशा वेळी घडवलेल्या आकाराचे किंवा वरून थोडे खोल कापलेले कप अधिक चांगले बसतात. ब्लाउजचे माप द्यायला जाताना हीच नवी ब्रेसियर घालून जावे.

पुरुषांच्या छातीवरची त्वचा सैल झाली असेल, तर पातळ होजिअरीच्या टी-शर्टातून ती स्पष्ट दिसते. त्याखाली अंगाला चिकटून राहणारी पण श्वास न कोंडणारी बनियन घातली, की वरचा शर्ट सरळ पडतो. मांड्यांच्या आतल्या बाजूची त्वचा चालताना घासते आणि सोलवटते. साडी, स्कर्ट किंवा सैल पायजम्याच्या आत गुडघ्याच्या जरा वर येणारी पातळ शॉर्ट घातल्यास हा त्रास जवळपास थांबतो.

पावसाळ्यात आणि कोकणासारख्या दमट हवेत त्वचेच्या घड्यांमध्ये घाम साचतो, तिथे लाली येते आणि बुरशीचा संसर्ग होतो. अंघोळीनंतर घड्या नीट कोरड्या कराव्यात, अर्धवट वाळलेले कपडे अंगात घालू नयेत आणि पोटाच्या घडीखाली मऊ सुती कापडाचा थर राहील असा आतला कपडा निवडावा. पुरळ उठलेच तर दुकानातून स्टेरॉइड मिसळलेली मलमे परस्पर आणून लावू नयेत. त्यांनी तात्पुरते बरे वाटते आणि बुरशी आणखी पसरते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

चौथी पायरी: कपाटातले काय आत घेता येते ते पाहावे

सगळे कपडे बाहेर काढून एकेक अंगात घालून पाहावा. इथे आधी खांदा पाहायचा असतो, कारण छाती आणि कंबर आत घेणे सोपे असते, तर खांदा उचलणे हे जवळजवळ नव्याने शिवण्याएवढे काम असते. शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर किंवा त्याच्या अर्धा इंच पलीकडे असेल तर कपडा ठेवावा. ती दीड-दोन इंच खाली उतरली असेल, तर तो कपडा किमती असल्याशिवाय त्यावर पैसे घालू नयेत.

शिंप्यांच्या अनुभवाचा साधा नियम असा की कपडा दोन मापांपर्यंत, म्हणजे छातीत सुमारे चार इंचांपर्यंत, आत घेता येतो. त्यापुढे बाजूच्या शिवणी मागे-पुढे सरकतात, टक्स (आकार देण्यासाठी घातलेल्या निमुळत्या चिमट्या) चुकीच्या जागी येतात आणि कुर्त्याच्या बाजूच्या चिरा पोटाकडे वळतात. कुर्ता फक्त बाजूने आत घेतला आणि मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) तसाच खोल ठेवला, तर हात वर करताना अख्खा कुर्ता वर चढतो. म्हणून बाही काढून मुंढाही लहान करून घ्यावा. शिलाई थोडी जास्त पडते, पण नुसत्या बाजूच्या टिपेपेक्षा कितीतरी चांगला बसतो.

पँट कमरेत दोन इंच, फार तर अडीच इंच आत घेता येते. त्याहून जास्त घेतल्यास मागचे दोन खिसे एकमेकांना भिडतात आणि आसनाचा भाग लोंबू लागतो, जो पाठीमागून अतिशय वाईट दिसतो. कमरेबरोबर मांडी आणि पायाचा घेरही उतरवावा, नाहीतर वरून नीट आणि खाली पिशवीसारखी अशी पँट तयार होते. जीन्स मागच्या मधल्या शिवणीवर आत घेता येते, पण जाड कापडावर टीप मारणारे मशीन असलेल्या शिंप्याकडेच द्यावी. शर्टाची गळपट्टी लावल्यावर आत दोनांपेक्षा जास्त बोटे जात असतील, तर तो शर्ट टायबरोबर घालण्यायोग्य राहिलेला नाही. वरचे बटण उघडे ठेवून तो चालवता येतो. कोट बाजूने आत घेता येतो, मात्र त्याचे खांदे उतरलेले असतील तर तो सोडून द्यावा.

ब्लाउजची बाब निराळी आहे. जुन्या पद्धतीने शिवणाऱ्या शिंपिणी बाजूला दीड-दोन इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, सोडतात, ती पुढे वजन वाढल्यास उपयोगी पडावी म्हणून. वजन उतरताना त्याच जागेत नवी टीप आत मारता येते. शिंप्याला स्पष्ट सांगावे की कापड कापू नये, फक्त टीप आत घ्यावी. पण प्रत्येक बाजूला दोन इंचांहून जास्त माया साचली, की काखेखाली कापडाचा गठ्ठा होतो आणि सैल त्वचेला घासून तिथे जखमा होतात. तेव्हा मायेचा मोह सोडून ती कापून ओव्हरलॉक करून घ्यावी. कटोरी ब्लाउज (ज्यात छातीवर वाटीसारखा वेगळा तुकडा जोडतात) आत घेणे सर्वांत अवघड, कारण कटोरीचा आकारच बदललेला असतो. प्रिन्सेस कटाचे ब्लाउज त्याच्या उभ्या शिवणींवर सहज लहान होते. त्यामुळे या काळात नवे ब्लाउज शिवायचेच झाले, तर प्रिन्सेस कट, अस्तर सुती आणि हुकांच्या दोन रांगा, असे सांगावे.

कोणताही बदल पक्का करण्याआधी कच्चे टाके घालून एकदा अंगावर पाहावे, आणि तेव्हा बसूनही पाहावे.

पाचवी पायरी: मधल्या काळासाठी थोडे आणि न शिवलेले घ्यावे

या बाबतीत आपण भाग्यवान आहोत, कारण आपल्या पेहरावात न शिवलेले कपडे पुष्कळ आहेत. सहावारी साडीला माप नसते. कमरेचा घेर दहा इंच उतरला, तर अंगाभोवतीच्या दोन वेढ्यांत मिळून सुमारे वीस इंच कापड मोकळे होते. त्यातून पाच इंच रुंदीच्या साधारण दोन निऱ्या जास्त पडतात किंवा पदर तेवढा लांब होतो. पूर्वी अंगावर अपुरी पडलेली साडी आता सुरेख नेसता येते, हा या प्रवासातला खराखुरा आनंद आहे आणि तो अवश्य घ्यावा. परकर मात्र बदलावा. जुना मोठा परकर नाडीने आवळला, की कमरेभोवती चुण्यांचा जाड थर बसतो आणि सैल त्वचेवर नाडी रुतते. कळ्यांचा, कमरेत कमी घेराचा आणि रुंद नेफ्याचा परकर घ्यावा, आणि नाडीऐवजी रुंद सपाट पट्टी वापरावी. ताणल्या जाणाऱ्या कापडाची तयार ब्लाउजे या काळात फार उपयोगी पडतात, कारण तीच ब्लाउजे दोन मापांपर्यंत चालतात.

बाकी खरेदी हात राखून करावी. नोकरीला जाणाऱ्या माणसाला दोन खालचे कपडे, चार वरचे आणि सणासमारंभाचा एक जोड एवढ्यावर तीन-चार महिने निभावता येतात. नाडीची सलवार, इलॅस्टिकची सुती पँट, बाजूला बंद असलेला अंगरखा पद्धतीचा कुर्ता आणि लपेटण्याचा स्कर्ट हे कपडे शरीराबरोबर लहान होतात. पुण्यात तुळशीबाग आणि मुंबईत दादरची हिंदमाता बाजारपेठ अशा ठिकाणी या काळापुरते कपडे आणि कापड बेताच्या दरात मिळते. लग्नाच्या शालूसाठी किंवा सुटासाठी लागणारे पैसे तोवर बाजूला ठेवावेत. बहीण, जाऊ, वहिनी किंवा मैत्रीण यांच्याकडचे एका मापाचे कपडे दोन महिन्यांसाठी मागून घेण्यात काहीही कमीपणा नाही.

चरबीचा थर कमी झाल्यावर थंडी जास्त वाजते, हेही खरेदीच्या वेळी ध्यानात असू द्यावे. वातानुकूलित कार्यालयात शाल किंवा पातळ जॅकेट लागते आणि त्याला मापाची अडचण कमी येते.

सहावी पायरी: सैल त्वचेला धरून कपडा बेतावा

वजन उतरले तरी ताणलेली त्वचा पूर्वीसारखी आकसेलच असे नाही. वय, वजन किती काळ जास्त होते आणि किती वेगाने उतरले यांवर ते अवलंबून असते. इथे कपड्याचे काम त्वचेला आधार देण्याचे असते, दाबून टाकण्याचे नव्हे.

पोटाची त्वचा सैल असेल तर पँट, सलवार किंवा परकर बेंबीच्या वर बांधावा. खाली बांधला की त्वचा नेफ्यावरून बाहेर झुकते आणि वळी दिसते. पुढे चपटा आणि मागे इलॅस्टिक असा रुंद कमरपट्टा असलेली पँट बसताना रुतत नाही. घट्ट शेपवेअर समारंभापुरते दोन-तीन तास ठीक असते, पण ज्यांना जळजळ किंवा आंबट ढेकरांचा त्रास आहे त्यांना पोटावरच्या दाबाने तो वाढतो. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगितलेला दाब देणारा पट्टा ही वेगळी गोष्ट आहे. तो त्यांनी सांगितला तितकाच वेळ आणि त्याच मापाचा वापरावा.

दंडाची त्वचा लोंबत असेल तर अगदी आखूड आणि घट्ट बाही टाळावी, कारण तिच्या काठाखाली त्वचा फुगून येते. कोपरापर्यंतची किंवा कोपराच्या दोन बोटे खाली येणारी, दंडात इंचभर सैल बाही सर्वांत शोभते. बिनबाह्यांचे कपडे आवडत असतील तर ते बेलाशक घालावेत. काखेपाशी मुंढा उंच आणि नीट बसणारा असला म्हणजे झाले.

कापडाची निवड इथे निर्णायक ठरते. पातळ होजिअरी, सॅटिन आणि अंगाला चिकटणारे क्रेप प्रत्येक घडी दाखवतात. खादी, हातमागाचे सुती, लिनन आणि थोडे जाड पॉपलिन स्वतःचा आकार धरून ठेवतात आणि घामही शोषतात. इरकल साडी आणि खणाचे कापड यांनाही असाच ताठपणा असतो, त्यामुळे खणाचा कुर्ता किंवा ब्लाउज सैल त्वचेवर छान बसतो. पँटसाठी सुती कापडात दोन-तीन टक्के लायक्रा असलेले घ्यावे. त्याने बसताना-उठताना सैलपणा मिळतो आणि मापातला थोडा बदलही सांभाळला जातो.

सातवी पायरी: अंगठ्या, बांगड्या, चपला आणि चष्मा

बोटे बारीक होतात आणि अंगठी थंड पाण्यात किंवा हात धुताना नकळत गळून पडते. वजन उतरत असताना सोन्याची अंगठी काढून ठेवावी किंवा तिच्या मागच्या बाजूला दोरा गुंडाळून ती घट्ट करावी. सोनाराकडून ती लहान करण्याचे काम माप स्थिर झाल्यावर एकदाच करावे, कारण पुन्हा पुन्हा कापून सांधल्याने ती कमजोर होते. बांगडीचे माप २.८ वरून २.६ किंवा २.४ वर येऊ शकते. पाटल्या सैल झाल्या असतील, तर त्यांच्या पुढे नव्या मापाची काचेची बांगडी घालावी, म्हणजे त्या हातातून निसटत नाहीत.

पाऊलही अर्ध्या नंबराने लहान होऊ शकते, म्हणून जुन्या बुटांत टाच वर-खाली होऊ लागली तर पाऊल पुन्हा मोजून घ्यावे. चेहरा बारीक झाल्यावर चष्मा नाकावरून घसरतो. चष्म्याचे दुकानदार काड्या वाकवून तो पाच मिनिटांत नीट करून देतात.

आठवी पायरी: आरशाची सवय करावी

शरीर आधी बदलते आणि नजरेला ते बऱ्याच उशिरा पटते. दुकानात हात आपोआप मोठ्या मापाकडे जातो आणि नीट बसणारा कपडा घट्ट वाटतो. यावर उपाय असा की प्रत्येक कपड्याचे तीन आकार घेऊन जावे: वहीनुसार आलेला, त्याहून एक लहान आणि एक मोठा. तिन्ही घालून पुढून, बाजूने आणि मागून छायाचित्रे काढावीत आणि घरी शांतपणे पाहावीत. आरशापेक्षा छायाचित्रात शिवणीची जागा अधिक नीट कळते.

नातेवाईक "किती वाळलीस, बरं नाही का?" असे विचारतात आणि अनेक जण त्या प्रश्नाच्या धास्तीने पुन्हा ढगळ कपड्यांत शिरतात. मापाचे कपडे घातलेले शरीर सुदृढ दिसते, तर सैल कपड्यांत तेच शरीर आजारी वाटते, एवढे सांगून ठेवते.

नववी पायरी: जुने कपडे टप्प्याटप्प्याने सोडावेत

दोन मापांहून मोठे झालेले कपडे घरात ठेवू नयेत. चांगल्या स्थितीतले कपडे गूंजसारख्या संस्थांकडे किंवा ओळखीच्या गरजूंकडे द्यावेत. दारावर बोहारीण येत असेल तर तिच्याकडून भांडी घ्यावीत. मऊ झालेल्या सुती साड्यांची आणि धोतरांची गोधडी शिवून घेता येते. शस्त्रक्रियेनंतर दोनेक वर्षांनी थोडे वजन पुन्हा वाढणे सर्रास घडते, म्हणून सध्याच्या मापाहून एक माप मोठे असे दोन-तीन चांगले कपडे बाजूला ठेवावेत आणि नव्या शिलाईत दर बाजूला इंचभर माया सोडायला सांगावे. पैठणीवरचे जुने ब्लाउज मात्र कोणालाही देऊ नये: ते उसवून त्याचे काठ आणि कापड इस्त्री करून साडीच्या घडीतच ठेवावे, म्हणजे वजन स्थिरावल्यावर त्याच कापडातून नव्या मापाचे ब्लाउज बेतता येते.